टिकेल असं चाक

ग्राइंडरला लावायचं तारेचं चाक मागायला माणूस येतो, तेव्हा तो आधीच तापलेला असतो. जुनं चाक संपलेलं असतं आणि त्याच्या मते ते वेळेआधी संपलेलं असतं. मग तो ते काउंटरवर असं आपटतो, की जणू मीच त्याचा खून केलाय, आणि विचारतो, "टिकेल असं काही ठेवता की नाही? की सगळा बाजारच भंगार झालाय?"

मी रागावत नाही. खोटं कशाला बोलू, रागावतो. पण पगारी माणसाने राग गिळायचा असतो, म्हणून गिळतो. हे दुकान माझं नाही, शेठचं आहे. मी नट, बोल्ट, बिजागऱ्या, पाने, ड्रिलचे बिट आणि ही तारेची चाकं विकतो. त्याआधी सगळी उमर मी माझ्या धाकट्या भावाबरोबर आमच्या वर्कशॉपमध्ये घालवली. वर्कशॉप म्हणजे काय, वडिलांनी उभी केलेली पत्र्याची लांबोडकी शेड. गंजलेले वाइस, कात्र्या, कुलपं, गेटच्या बिजागऱ्या, तराजू, लोकांनी टाकून द्यायला काढलेलं काहीही यायचं. आम्ही ते तारेच्या चाकावर घासून लख्ख करायचो, तेलपाणी द्यायचो आणि चालू करून परत पाठवायचो.

धाकट्याला सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी पायाला भिंगरी बांधल्यासारखा घरभर नाचायचा, तेव्हापासून पडलेलं नाव. अजूनही तसाच आहे. मी एक कुलूप हातात घेऊन त्याच्याकडे नीट बघेपर्यंत याची तीन घासून झालेली. त्याच्या हाताला वेग आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. त्याच्या तोंडालाही आहे.

शनिवारी संध्याकाळी मी ग्राइंडर बंद करायचो. चाकावरचं झाकण, म्हणजे गार्ड, उघडायचो, नट सोडवून चाक बाहेर काढायचो, त्यात अडकलेला गंज झटकायचो आणि चाक उलटं करून परत बसवायचो. बस्स. वडील करायचे म्हणून मी करायचो. तारेचं चाक एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे त्याच्या तारा हळूहळू एका अंगाला झुकतात. रोज एकाच बाजूने मारलेला झाडू कसा तिरका होतो, तसं. झुकलेली तार गंज खात नाही, नुसती वरून घसरते. मग माणूस जास्त जोर लावतो आणि तार मुळाशी तुटते. चाक उलटं बसवलं की त्याच तारा समोरून लागतात, टोकं आपोआप धारेवर येतात आणि चाक दुप्पट तिप्पट चालतं. वडिलांनी हे मला कधी समजावून सांगितलं नाही. ते करायचे, मी बघायचो. आमच्या घरात बोलून दाखवायची पद्धतच नाही.

त्या शनिवारी गेटच्या बिजागऱ्या न्यायला एक कंत्राटदार आला होता आणि त्याच्या दोन बिजागऱ्या घासायच्या राहिल्या होत्या. नेमका मी चाक काढून बसलो होतो. भिंगरीची चुळबुळ चाललेली. शेवटी तो कंत्राटदाराला म्हणाला, "थांबा जरा, आमच्या दादाचा नट-नट खेळ चाललाय. दिवसभरात तेवढंच एक काम येतं त्याला."

कंत्राटदार हसला. भिंगरीही हसला. मी चाक बसवलं, नट आवळला, गार्ड लावलं, पाना जागेवर ठेवला. अंगातला एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि बाहेर पडलो.

मला वाटलं, रात्री जेवायच्या आत येईल. बायकोने चहाचं आधण ठेवताना एक कप पाणी जास्त टाकलं होतं. आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी म्हटलं, बोलला तो, तर बोलवायलाही त्यानेच यावं. त्याने बहुतेक म्हटलं असेल, गेला तो, तर यावंही त्यानेच. दोघेही एकाच बापाचे! मग शेठने काउंटरवर बसायला बोलावलं आणि मी बसलो.

"त्याच्या तोंडून एक वाक्य निघू दे," मी बायकोला म्हणायचो. "दादा, ये परत. एवढंच. पळत जाईन."

"आणि नाही निघालं तर?"

"निघेल."

"तुमच्या घराण्यात?" ती म्हणायची आणि भांडी आवरायला लागायची.

एक दिवस तो खरंच आला. म्हणजे माझ्याकडे नाही, दुकानात. रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत भांडून झालं असणार, कारण पायरी चढतानाच त्याची बडबड चालू होती, की हल्ली मालच येत नाही, तारा आहेत की शेवाळ आहे. पिशवीतून मेलेलं चाक काढून त्याने काउंटरवर आपटलं आणि मग मान वर केली.

"तू इथे?"

"दिसतोय ना."

"कधीपासून?"

"पगार सुरू झाल्यापासून."

तो कसानुसा हसला. इकडेतिकडे बघितलं. मग गिऱ्हाइकाचा आवाज काढून म्हणाला, "टिकेल असं चाक दाखव. एक धड चालत नाही बघ हल्ली."

मी ते चाक उचललं. बघायची गरजच नव्हती. तेल लावून एका बाजूला भांग पाडावा तशा सगळ्या तारा एका अंगाला आडव्या झालेल्या. मी बाहेर पडलो त्या दिवसापासून या माणसाने चाक एकदाही उलटं केलेलं नव्हतं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अरे बैला, पालटून लाव ना. तेवढ्यात तो काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला, लहानपणी आईच्या ओट्याला टेकायचा तसा, आणि हळूच म्हणाला, "वहिनी कशी आहे?"

आणि माझी जीभ अडली. आत्ता सांगितलं, तर हा हेच चाक उचलून घरी जाईल. तिथे उलटं बसवेल. ते चालेल. आणि मग याला इथे यायचं कारणच उरणार नाही.

"बरी आहे," मी म्हटलं. "तू असं कर, जाड तारेचं ने. हे पातळ आहे, तुझ्या हाताला नाही पुरणार."

तो जाड तारेचं घेऊन गेला. रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. तिने लगेच विचारलं, "उलटं लावायचं सांगितलंत ना?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, हे काय आता नवीन?" पण जास्त बोलली नाही. तिलाही त्याची आठवण यायची.

तेही चाक संपलं आणि तो आला. मग मी त्याला तारांना पीळ घालून घट्ट बांधलेलं चाक दिलं. ते चिवट असतं. तेही त्याने आडवं केलं. मग न गंजणाऱ्या तारेचं. मग एक बाहेरून आलेलं, ज्याच्या खोक्यावरची भाषा शेठलाही वाचता येईना. दर वेळी तो जुनं चाक आपटायचा, दर वेळी मी ते उलटसुलट करून बघितल्यासारखं करायचो, आणि दर वेळी तो थोडा जास्त थांबायचा. मी समोरच्या टपरीवरून चहा मागवायचो. तो त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं सांगायचा, मुलीच्या नव्या नोकरीचं सांगायचा, ड्रिल मशीनचा पट्टा कसा सारखा सुटतो ते सांगायचा. मी पट्ट्यावर उपाय सांगायचो. चाकावर नाही.

मला लाज वाटायची का? वाटायची. पण पायरीवर त्याच्या हातात मेलेलं चाक दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा. नवा माल आला की मी त्यातलं सगळ्यात भरीव चाक वेगळं काढून काउंटरखाली ठेवायचो, त्याच्यासाठी. शेठ म्हणायचा, "काय हो, भाऊ म्हणजे आपलं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक झालं!" मी हसायचो.

एकदा तो अगदी जवळ आला होता त्या वाक्याच्या. चहाचा कप खाली ठेवला, बोटाने कपाचा कान फिरवत बसला आणि म्हणाला, "तुझा एप्रन अजून खुंटीलाच आहे. धूळ बसलीय नुसती."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "झटक मग."

कुठून सुचतं माणसाला असलं! 'झटक मग' म्हणे. त्याने त्याच्या परीने दार उघडलं होतं. त्याला तेवढंच उघडता येतं. आणि मी त्याच्या तोंडावर विनोद फेकला. तो हसला, चाक पिशवीत टाकलं आणि गेला. आजही आंघोळ करताना, कुलूप लावताना, मध्येच ते आठवतं आणि मी स्वतःलाच मोठ्याने शिवी देतो. 'येतो' म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं होती.

त्यानंतर तो आला तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याखाली पांढरी पट्टी होती.

"हे काय रे?"

"काही नाही. तार उडाली. चष्मा घातला होता मी, पण खालच्या फटीतून घुसली. डॉक्टरने चिमट्याने काढली. म्हणाला, डोळा थोडक्यात वाचला." तो हसत होता. "चांगलीच जाड होती, तू दिलेल्या चाकातली. म्हणजे मालात दम आहे."

दर वेळी मी आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा कडक तार दिली होती. तो ती तशीच एका अंगाने चालवणार, ती झुकणार, हा वरून जोर देणार, ती तुटणार, हे मला ठाऊक होतं. तुटलेली तार कुठे जाते हेसुद्धा मला ठाऊक होतं. आणि मी चहा मागवत बसलो होतो.

मी त्याच्या हातातून चाक घेतलं. "इकडे बघ," मी म्हटलं. "तारा कुठल्या बाजूला झुकल्यात?"

"या."

"आता हे असं पालटून लावलंस तर?"

त्याने चाकाकडे बघितलं. भिंगरीला समजायला वेळ लागत नाही. मी पुढचं सांगायला लागलो, टोकं कशी धारेवर येतात, जोर द्यायचा नाही, नुसतं टेकवायचं. पण त्याला ते आधीच कळलं होतं. तो दुसऱ्याच कशाचा तरी हिशेब लावत होता.

"शनिवारी तू हेच करायचास?"

"हो."

"बाबा पण?"

"हो."

"मला कुणी कधी सांगितलं नाही."

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

हे खरं होतं. देवाशपथ खरं होतं. इतकी वर्षं तो माझ्या शेजारी उभा राहून माझं बघत होता, मला वाटलं त्याला दिसतंय. त्याला फक्त एक म्हातारा नट काढताना आणि घालताना दिसत होता. मला वाटलं, आता येतंय ते वाक्य. मी हातातलं फडकंसुद्धा खाली ठेवलं.

मग त्याने डोळे वर केले. "पण मी इथे यायला लागलो तेव्हापासून? प्रत्येक वेळी हे चाक हातात घेऊन बघायचास ना तू? तेव्हा का नाही बोललास?"

खरं उत्तर इतकं सोपं होतं. तू आला नसतास म्हणून. पण साठी उलटलेल्या माणसाने धाकट्या भावाला भर दुकानात हे कसं सांगायचं? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "शेठचा माल खपायला नको का?"

गंमत होती. माझं सगळं आयुष्य असल्याच गमतीत गेलंय, त्याला माहीत आहे. पण तो हसला नाही. डोळ्याखालची पट्टी त्याने बोटाने एकदा दाबून बघितली. मला वाटतं, दिलेली सगळी चाकं त्याने मनात एकदा ओळीने मांडली असतील, जाड, पिळाचं, न गंजणारं, बाहेरून आलेलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "नवीन नको मग. हेच पालटून बघतो."

जुनं चाक पिशवीत घालून तो निघाला. पायरीवर थांबला, मागे वळला.

"दादा."

"हं?" मी काउंटरवरून पुढे वाकलो.

"उजवीकडचा नट सरळ आट्यांचाच ना?"

इतकी चाकं स्वतः बदललेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण "उजवीकडचा सरळ," मी म्हटलं. "डावीकडचा उलटा. डावीकडचा सोडवताना उजवीकडे फिरव."

त्याने मान हलवली आणि गेला. त्यानंतर तो आला नाही.

सुरुवातीला मी म्हटलं, चाक चालतंय, म्हणून येत नाही. बायकोला मी सगळं सांगितलं, ते शेठच्या मालाचंसुद्धा. तिने कपाळाला हात लावला. "अहो, त्याला खरं वाटलं असेल ते! जा आणि सांगा, गंमत केली म्हणून."

"त्याला कळत नाही का माझी गंमत?"

"डोळा जाता जाता वाचलाय त्याचा. त्याला तुमची गंमत कळेल?"

मी गेलो नाही. आज जाईन, उद्या जाईन. मध्येच नवा माल आला आणि सवयीने मी एक भरीव चाक काउंटरखाली वेगळं ठेवलं.

बऱ्याच दिवसांनी भावजय आली, भिंगरीची बायको. तिला घरातल्या नळाचा वायसर हवा होता. चार दुकानं जवळ असताना ती गुडघा धरत इथवर आली, तेव्हाच मी ओळखलं की वायसर हे निमित्त आहे.

"डोळा कसा आहे त्याचा?"

"बरा झाला, दादा. आणि ते चाक अजून तेच आहे हं. अजून तस्सं चालतंय. शनिवारी संध्याकाळी स्वतः काढतात आणि पालटून लावतात. गिऱ्हाईक उभं असलं तरी थांबवतात. मी म्हटलं, काय एवढं, तर म्हणाले, बाबांची पद्धत आहे."

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

ती वायसरकडे बघायला लागली. "तुम्हाला माहीत आहेत ते. बोलतात का कधी? तुम्हीच या ना एकदा, दादा."

"त्याने सांगितलंय?"

ती पिशवीतून सुटे पैसे काढायला लागली. मला तेव्हा तिला सांगता आलं असतं. अगं, मी माल खपवायला नाही गप्प बसलो, तो यावा म्हणून बसलो. पोहोचलंच असतं ते. मी म्हटलं, "त्याला म्हणावं, नुसता चष्मा घालू नकोस, तोंडावर पूर्ण ढाल येते ती घे." आणि वायसर कागदात गुंडाळून दिला. ती पायऱ्या उतरेपर्यंत मी उभा होतो. मग शेठने हाक मारली.

मागच्या आठवड्यात एक तरुण आला, सायकलींची दुरुस्ती करणारा. चाक आपटलं, बाजाराला शिव्या घातल्या, टिकेल असं काही आहे का म्हणाला. मी काउंटरखालून ते राखून ठेवलेलं काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"घे. आणि दर आठवड्याला पालटून लाव." मी त्याला तारा दाखवल्या, सगळं समजावलं. मग विचारलं, "ग्राइंडरवर आणखी कोण असतं?"

"भाऊ असतो."

"मग त्यालाही सांग."

"त्याला ठाऊक असेल हो, काका."

"नसतं!" मी इतक्या जोरात म्हणालो, की मागून शेठ उठून बघायला आला. "ठाऊक नसतं. तोंडाने सांग. आजच सांग."

पोरगा चाक घेऊन जवळजवळ पळालाच. शेठ म्हणाला, "गिऱ्हाइकावर कशाला ओरडता?" तो दिवस शनिवार होता. शेठला सांगून मी लवकर निघालो. वाटेत सगळं पाठ करत होतो. भिंगरी, मी गंमत केली. तू यावास म्हणून गप्प बसलो होतो. रस्ता ओलांडताना चक्क मोठ्याने म्हणून बघितलं, तर एक बाई माझ्याकडे बघायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तर ग्राइंडर चालू होता. मी तिथेच थांबलो. मग मोटरचा आवाज उतरत गेला आणि बंद झाला. पालटायची वेळ. गार्ड उघडल्याचं ऐकू आलं. पाना नटाला लागल्याचं ऐकू आलं. चाक झटकल्याचं ऐकू आलं, तेही घाई न करता, सावकाश, फळीवर दोन्ही बाजूंनी. भिंगरी आणि सावकाश! वडिलांचा हात असा चालायचा.

मी म्हटलं, बसवून होऊ दे, मग जातो. चाक वाकडं बसलं, नट नीट बसला नाही, तर मोटर सुरू होताच सगळं बेंच थरथरतं, तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. तसं झालं तर सरळ आत जाईन, म्हणेन, हो बाजूला, मी बघतो. मग पुढचं आपोआप निघेल. मी कान देऊन उभा राहिलो. अगदी मनापासून वाटत होतं, की थोडं तरी थरथरू दे.

मोटर सुरू झाली. आवाज चढला आणि एका सुरात स्थिरावला. चाक अगदी सरळ फिरत होतं.

मी थोडा वेळ ऐकलं आणि घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "भेटलात?"

"काम चालू होतं त्याचं," मी म्हटलं.